न झालेले भाग

आमच्या शेजारच्या चष्मेवाल्याला आम्ही भिंगरी म्हणतो. तोंडावर म्हणतो आणि तो ओ देतो. या माणसाला एका जागी बसवतच नाही. गिऱ्हाईक आरशात नवी फ्रेम निरखत असतं आणि हा काउंटरच्या आतून बाहेर, बाहेरून आत येरझारा घालत असतो. बोलताना हाताला चष्मा लागला की पुसायला घेतो, मग तो कुणाचा का असेना. एकदा बोलता बोलता त्याने माझ्याच नाकावरचा काढून घेतला आणि मी पाच मिनिटं आंधळ्यासारखी त्याचं ऐकत बसले. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान त्याच्या भिंतीला भिंत लागून आहे. त्याच्या चपलांची फटफट मला दिवसभर ऐकू येते. ती थांबली की मी उठून बघून येते, काय झालं म्हणून.

शनिवारी दुपारी गिऱ्हाइकांचं नाव नसतं, तेव्हा त्याच्या दुकानात आमची बैठक बसते. गणिताचे क्लास घेणारे सर, समोरच्या औषधाच्या दुकानातली पोरगी, मी आणि तो. विषय एकच, ‘यान’. ही मालिका सुरू झाली तेव्हा औषधवाली जन्मलीही नव्हती आणि सरांच्या डोक्यावर केस होते. घराची वाट हरवलेलं एक अंतराळयान आणि ती वाट शोधत ताऱ्याताऱ्यांतून हिंडणारी माणसं. कप्तान आले नि गेले, यान जळालं आणि पुन्हा बांधलं, पण पहिल्या भागापासून सुकाणूवर एकच बाई. तिचं पडद्यावरचं नाव कुणाच्याच जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे तिला आत्या म्हणतात.

चौघं एकदम बोलायचो आणि कुणाचंच कुणाला कळायचं नाही. म्हणून भिंगरीनेच एक नियम काढला. डोळ्यांचा नंबर काढताना नाकावर चढवतात ती जाडजूड गोल फ्रेम, ती ज्याच्या नाकावर असेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत डोळ्यांचं शिबिर चाललंय. नियम त्याचा आणि सगळ्यांत जास्त मोडणाराही तोच. मी फ्रेम घालून दोन वाक्यं बोलत नाही तोवर हा मध्ये तोंड घालतो.

मालिकेचा नाद त्याला लावला त्याच्या ताईने. आई लवकर गेली, याला ताईने वाढवलं. ती स्वेटरच्या कारखान्यात मशीनवर होती. ‘यान’ परक्या भाषेतलं, बोलणं खाली ओळींत यायचं, आणि याला अजून अक्षरओळख नव्हती. मग कामावरून आलेली ताई त्याला मांडीवर घेऊन त्या ओळी वाचून दाखवायची. पहिला कप्तान धुरात दिसेनासा झाला तेव्हा तिने वाचलं, “तो दूरच्या ग्रहावर नोकरीला लागला.” पुढे तेच भाग पुन्हा लागले तोवर हा वाचायला शिकला होता. कप्तान मेला होता, हे त्याला तेव्हा कळलं. कितीतरी दिवस त्याने ताईशी अबोला धरला. हा किस्सा तो आम्हाला हसत हसत सांगतो, पण सांगताना हातातली काच झिजेल इतकी पुसतो.

आता सगळं उलटं झालं होतं. साखरेने ताईची नजर नेली. भावाचं दुकान चष्म्यांचं आणि बहिणीला कुठलंच भिंग लागू पडत नाही, हे तो माझ्यापाशी एकदाच बोलला. मी घाईघाईने विषय बदलला. ताई दुसऱ्या गावी मुलीकडे राहायची. नवा भाग लागला की दुसऱ्या दिवशी हा फोनवरून तिला तो सगळा सांगायचा, आवाज बदलून, इंजिनाच्या घरघरीसकट. भिंतीपलीकडून मलाही ऐकू यायचं.

मग तो भाग आला ज्यात आत्या गेली. बर्फाच्या एका चंद्रावर यान अडकतं. कुणीतरी खाली राहून दोर सोडल्याशिवाय ते उडणार नसतं. आत्या म्हणते, मी राहते. कुणी रडारड करत नाही. यान उडतं आणि ती सुकाणूचे हातमोजे नीट घडी करून मांडीवर ठेवते. बस.

त्या शनिवारी फ्रेमसाठी अक्षरशः ओढाओढ झाली. सर म्हणाले, “लेखकांचं डोकं फिरलंय. इतकी वर्षं जिला सांभाळली तिला एका दोरापायी मारायचं?” औषधवालीचे डोळे अजून सुजलेले होते. मी म्हणाले की गेल्या कित्येक वर्षांत इतका चांगला भाग झालेला नाही, माणसाने जावं तर असं जावं. सर माझ्यावर असे खवळले जणू दोर मीच सोडला होता. भिंगरी मात्र फ्रेम मागायलाही आला नाही. तो काउंटरपाशी उभा राहून एकच चष्मा पुसत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

काही आठवड्यांनी त्याच्या चपला थांबल्या, म्हणून मी बघायला गेले. हा स्टुलावर बसलेला.

“ताई येतेय,” तो म्हणाला. “मंगळवारी तिचं ऑपरेशन. हृदयाची झडप बदलायची.”

“बरं झालं की. आपल्या नजरेखाली राहील.”

“शनिवारी इथे यायचं म्हणते. तुमच्याबरोबर बसायचंय तिला.” तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. “वहिनी, तिच्या लेखी आत्या जिवंत आहे.”

मग सगळं बाहेर पडलं. गेल्या वर्षी ताई इस्पितळात होती, तिथून आली ती निम्मीच होऊन आली. तेव्हा ती याला म्हणाली होती, “आत्या आहे तोवर मी आहे बघ.” थट्टेतच म्हणाली असेल, पण याच्या मनात ते रुतून बसलं. आत्या मेल्याचं तिला सांगायला याची जीभ रेटेना. फोनवर त्याने आत्याला वाचवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा वाचवलं. तेव्हापासून तो दर आठवड्याला मनाने एक नवा भाग रचून सांगत होता.

“आणि आम्ही काय करायचं?”

“त्याच भागांवर बोलायचं. ऑपरेशन होईपर्यंत. ती खचली तर टेबलावरून उठायची नाही.”

मला राग आला. आजारी माणसाला फसवायचं आणि वर त्यात आम्हालाही ओढायचं. मी त्याला तसं सुनावलंही. पण त्याचे हात बघितले आणि पुढचे शब्द गिळले. हातात पुसायला काहीच नव्हतं, तरी बोटं चाललेली होती.

सरांना आणि औषधवालीला बोलावून त्याने आपले भाग आम्हाला शिकवले. आत्या बर्फात राहते, पण जुन्या कप्तानाचा मुलगा ऐन वेळी येतो. मग ती आजारी पडते, पण एका ग्रहावर औषध सापडतं. मग तिला पळवून नेतात आणि सोडवून आणतात. सर ऐकता ऐकता ताठ बसले.

“यानातलं जादा इंधन तर आधीच टाकून दिलं होतं. मुलगा आला कशावर बसून?”

“आला कसाही,” भिंगरी म्हणाला.

“कसाही कसा येईल? निदान एक वाक्य तरी टाका.”

औषधवाली म्हणाली, मुलाकडे स्वतःचं छोटं यान असेल. सर म्हणाले, ते दिसलं असतं. पाहता पाहता आवाज चढले आणि नाकावर फ्रेम आली. न झालेल्या भागांवर आम्ही झालेल्या भागांपेक्षा जास्त तावातावाने भांडलो.

शनिवारी ताई आली. लहानशी, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. भिंगरीने तिला नंबर काढायच्या खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट दिला, पाठीशी उशी दिली, उशी काढून दुसरी दिली. “तू आधी एका जागी थांब,” ती म्हणाली. मग चाचपून हात पुढे केला. “ती फ्रेम कुठाय? याने मला सगळं सांगितलंय.”

औषधवालीने फ्रेम तिच्या नाकावर बसवली. भिंगं नसलेली ती गोल फ्रेम आणि मागे ते मिटलेले डोळे. मला बघवेना, म्हणून मी चहाच्या कपांकडे बघत राहिले.

“हल्लीचे भाग वाईट आहेत,” ताई म्हणाली.

नियमाने आम्हाला बोलायची परवानगी नव्हती, ते बरंच झालं.

“पूर्वी कसं, जे व्हायचं ते व्हायचं. आता दर वेळी कुणीतरी ऐन वेळी येतंय. तो मुलगा आला कशावर बसून?”

सरांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मी डोळे वटारले.

“त्याच्याकडे छोटं यान होतं,” भिंगरी म्हणाला. नियम मोडलाच. “आणि प्रेक्षकांना आवडतंय, ताई. लोकांना आत्या हवीय.”

“लोकांना हवीय. आत्याला विचारलं का कुणी?” ताई आवाज न चढवता बोलत होती. “दमलीये रे ती. आजारातून उठवली, लगेच पळवली, परत आणली. तिला धड बसूही देत नाहीत. हे कुणीतरी घाबरट माणूस लिहितोय. तिला सोडायची छाती नाही त्याची, आणि म्हणे हे प्रेम.”

भिंगरीच्या हातातला चष्मा काउंटरवर पडला. आवाज लहानसाच झाला. तो लेखक त्याच्या दुकानात, त्याच्याच खुर्चीसमोर उभा होता आणि लेखकाला बोलणं लागलं होतं. कुणा परक्याच्या भागांना ती असं म्हणाली असती तर त्याने हिरिरीने वाद घातला असता.

तो पुढे झाला, तिच्या नाकावरची फ्रेम अलगद काढली आणि स्वतः घातली.

“ताई, आत्या गेली,” तो म्हणाला. “त्या बर्फावरच गेली. मुलगा वगैरे कुणी आलं नाही. ते मी रचलं.”

मग त्याने तो भाग सांगितला. आवाज न बदलता, घरघर न काढता, उभ्या उभ्या. दोर सांगितला, यान उडालं ते सांगितलं, हातमोजे सांगितले. औषधवाली परत रडायला लागली. ताई मान थोडी कलती करून ऐकत होती.

“एकटीच होती?” तिने विचारलं.

“नाही. कप्तान शेवटपर्यंत यंत्रावर बोलत होता तिच्याशी.”

“काय बोलत होता?”

“विशेष काही नाही. थंडी वाजतेय का, जेवलीस का, असंच.”

“चांगली गेली की मग,” ताई म्हणाली. “आणि एवढा चांगला भाग तू माझ्यापासून लपवलास.”

“तू म्हणाली होतीस ना, ती आहे तोवर मी आहे. मला भीती वाटली.”

“तू मांडीवर बसायचास म्हणून मी तुला खोटं वाचून दाखवलं. मी आता कुणाच्या मांडीवर बसलेय?”

ताईने हात पुढे केला. त्याने फ्रेम दिली, तिने स्वतःच ती नाकावर चढवली. वाकडी बसली, पण कुणी नीट करायला गेलं नाही.

“मला ऑपरेशन नको,” ती म्हणाली.

“ताई, डॉक्टर म्हणालेत की...”

तिने एक बोट फ्रेमला लावलं.

“तू तारीख ठरवलीस, खोली ठरवलीस, माझी पिशवीही तूच भरलीस. मला नको म्हणायला जागाच ठेवली नाहीस. गेल्या वेळी त्या खाटेवर मी दिवस ढकलले, ते माझे मला ठाऊक. जेवढं आहे तेवढं मला घरी राहायचंय. लेकीकडे, माझ्या खिडकीपाशी. आणि तुझा फोन आला पाहिजे. खरा भाग सांगायला.”

भिंगरी दाराकडे निघाला. मला वाटलं आता हा बाहेर जाईल आणि बाजाराला तीन फेऱ्या मारून येईल. दारापाशी तो थांबला, परत आला आणि स्टूल ओढून तिच्या गुडघ्यापाशी बसला. हात रिकामेच होते. तोंड पुसलं, पण मध्ये एक शब्द बोलला नाही. इतक्या वर्षांत तो नियम त्याने पहिल्यांदा पाळला, आणि मला वाटत होतं की आज त्याने मोडावा, काहीतरी बोलावं, तिला अडवावं.

ताईचं बोलून झालं. तिने फ्रेम काढून त्याच्या दिशेने धरली. त्याला ती घालायला वेळ लागला.

“मग तुला घरी कधी सोडू?” त्याने विचारलं.

“उद्या सोड. आधी मला सांग, आत्यानंतर सुकाणूवर कोण बसलं?”

आणि तो सांगायला लागला.