साडूभाऊंचा फौजी संघ

या जगात फुटबॉलवेडे पैशाला पासरी मिळतील, पण बंद पडून जमाना झालेल्या संघाची दर आठवड्याला काळजी करणारा माणूस परमेश्वराने एकच घडवला आणि तोही नेमका माझा थोरला साडू करून ठेवला. संघही साधासुधा नव्हे, युक्रेनमधल्या एका छावणीच्या गावातला, सैन्याचा. गावाचं नाव मी लिहीत नाही. मस्कतला इतकी वर्षं ते ऐकूनही मला धड उच्चारता येत नाही, आणि उच्चार चुकला की साडूभाऊ ते गाव पहिल्यापासून समजावून सांगतात, रेल्वे स्टेशनापासून सुरुवात करून. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझ्या बायकोची ही थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, सगळ्या नातेवाइकांत शांत म्हणून प्रसिद्ध आहे. शांत राहण्यावाचून तिला दुसरा इलाजही नव्हता, घरात बोलायची पाळीच यायची नाही.

साडूभाऊ मूळचे कोल्हापूरचे. पेठेतल्या तालमीचा फुटबॉल बघत वाढलेले, म्हणजे तो आजार जन्मजात. शिष्यवृत्ती मिळवून इंजिनिअर व्हायला ते त्या देशात गेले तेव्हा तिथे सोव्हिएत राज्य होतं, हॉस्टेलच्या खिडक्यांवर बर्फ होता आणि ताटात काय आहे ते विचारायला भाषा नव्हती. पहिल्याच आठवड्यात ते परत फिरायच्या बेतात होते म्हणे. मग एका दुपारी छावणीच्या मागून आरडाओरडा ऐकू आला आणि ते आवाजाच्या मागे चालत मैदानावर जाऊन पोचले. "भाषा कळंना पाव्हणं," ते सांगतात, "पर रेफरीला शिव्या चालल्यात एवढं कळलं. म्हटलं, आलो घरी." त्या दिवसापासून पदवी मिळेपर्यंत त्यांनी एकही सामना चुकवला नाही, आणि पदवी कशी मिळाली हे विचारलं की विषय पुन्हा सामन्याकडे वळतो.

आज हा माणूस मस्कतजवळच्या सीबच्या पुढे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्या हाताखालचे लोक त्याला वचकून असतात. पाइप फुटला म्हणून नव्हे, तर पाइप दुरुस्त होईपर्यंत तो संघाचा इतिहास सांगेल म्हणून. इतिहास ठरलेल्या क्रमाने येतो. आधी संघाचा जन्म: कोणा कर्नलने जेवता जेवता हुकूम सोडला की पुढल्या महिन्यात आपला फुटबॉलचा संघ हवा, आणि फौजेत हुकूम म्हणजे हुकूम, म्हणून स्वयंपाक्यापासून बँडवाल्यापर्यंत ज्याला पाय होते त्याला उभं केलं. मग संघाचं स्थलांतर: वरून कागद आला आणि सगळा संघ, गोलपोस्टसकट, आगगाडीत घालून दुसऱ्या गावाला हलवला, आणि काही वर्षांनी दुसरा कागद आला तेव्हा परत आणला. गोलपोस्ट मात्र तिकडेच राहिले. मग बक्षिसाची पद्धत: गोल मारणाऱ्याला घरी जायला एक दिवसाची रजा. "म्हणून आमची पोरं पास द्यायची न्हाईत," साडूभाऊ अभिमानाने सांगतात. "प्रत्येकाला आईला भेटायचं असायचं." मोठमोठ्या क्लबांचे सामने टीव्हीवर लागले की ते कूस बदलून झोपतात. ज्याला गोलासाठी पैसे मिळतात तो खेळाडू त्यांच्या हिशेबी कारकून.

प्रसंग कोणता, माणसं कोण, याचा ते विधिनिषेध बाळगत नाहीत. माझ्या मुलीच्या बारशाला नाव ठरेना म्हणून घरात चर्चा चालली होती, तर यांनी डाव्या बगलेवरून खेळणाऱ्या कोणा सार्जंटचं नाव सुचवलं. "अहो, मुलगी आहे," माझी बायको म्हणाली. "मग काय झालं," हे म्हणाले, "डावा पाय सगळ्यांनाच असतोय." तीच मुलगी आता दहावीत आहे आणि शाळेत इंग्रजीच बोलून बोलून घरी तिचं मराठी जरा अडखळतच येतं. एकदा तिने विचारलं, "पण काका, टीम एक्झिस्टच नाही करत, तर तुम्ही सपोर्ट कोणाला करता?" सगळे हसले. साडूभाऊ हसले नाहीत. "तुझा पणजा एक्झिस्ट करतोय काय गं?" ते म्हणाले. "मग तुझा बाप श्राद्ध कुणाचं घालतोय?"

दर शुक्रवारी सीबच्या किनाऱ्यावर ते स्वतःचा संघ खेळवतात. त्यात रत्नागिरीचा प्लंबर आहे, मालवणचा कुक आहे, क्रेन चालवणारा एक साताऱ्याचा पठ्ठ्या आहे. साडूभाऊ शिट्टी फुंकत वाळूत धावतात, आणि अरबी "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, आणि "हाण की लेका" यांमधली सगळी भाषा त्यांच्या तोंडून येते. संघ कधी जिंकत नाही. मी एकदा कारण विचारलं तेव्हा ते वाळूत बसले आणि म्हणाले, "फौजेचा संघ आन् गल्फचा संघ सारखाच, पाव्हणं. तिथं दोन वर्सांची सक्तीची नोकरी, हितं दोन वर्सांचा व्हिसा. पोरगं पासिंग शिकतंय, आन् शिकलं की जातंय. आपण जीव लावायचा आन् टाटा करायचं." मी त्यांची चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, पण त्याच आठवड्यात माझ्या शेजारचं कुटुंब आमच्या अझैबा वस्तीतलं सामान आवरून पुण्याला गेलं होतं.

मग रशियाने तिकडे हल्ला केला, युद्ध सुरू झालं आणि साडूभाऊ बदलले. बातम्यांत पडलेल्या इमारती दाखवत तेव्हा ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहत. मागे कुठे मैदानाची भिंत दिसते का ते बघत. तिथल्या मित्रांची पत्रं देश फुटला तेव्हाच थांबली होती. त्याच सुमाराला फौजेकडे बुटांनाही पैसे उरले नाहीत आणि संघ संपला. एकदा आमच्याकडे जेवायला आले असता पानावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "एक माणूस भेटाय पायजे, पाव्हणं. त्या मैदानात बसून ओरडलेला. एकच. नायतर मला आताशा वाटाय लागलंय, हे सगळं मीच बनवलं का काय." मी काहीतरी विनोद केला. त्या दिवशी भांडी आत नेताना ताई मला हळूच म्हणाली, "खरं सांगू का, मलासुद्धा कधी कधी तसंच वाटतं. तीस वर्षं ऐकतेय, पण त्या संघाचा एक साधा फोटो नाही हो घरात."

गेल्या डिसेंबरात मुलांना सुट्टी होती म्हणून आम्ही दोन्ही घरं मिळून ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहला गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला नारळाच्या बागांना लागून शहाळ्यांच्या टपऱ्या आहेत. त्यांतल्या एकीपाशी आम्ही उभे होतो. शेजारी परदेशी पर्यटकांचा घोळका होता आणि त्यांना फिरवणारी, हॉटेलचा बिल्ला लावलेली एक गोरी मुलगी फोनवर बोलत होती. साडूभाऊंनी तोंडातली स्ट्रॉ काढली. कान टवकारले. तिचा फोन ठेवून होतो न होतो तोच ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी रशियनमध्ये विचारलं, कुठली तू?

मुलीचा चेहरा एकदम कोरा झाला. तिने इंग्रजीत, फार सभ्यपणे, साडूभाऊंच्या त्याच गावाचं नाव सांगितलं. साडूभाऊंच्या हातातलं शहाळं कलंडून त्यांच्या बुटांवर सांडलं. आपण कुठल्या भाषेत विचारलं हेही त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण ते कानापर्यंत लाल झाले. कॉलेजात त्यांना शिकवलं ते रशियनमध्ये. युक्रेनी भाषा त्यांना येत होती ती फक्त मैदानावरची, आणि नेमकी तीच त्यांनी बाहेर काढली. छाती भरून घेतली आणि ओरडले. टपरीवरच्या केरळी माणसाचा कोयता वरच्या वर थांबला. पर्यटक वळून बघायला लागले. आणि ती मुलगी पोट धरून हसायला लागली. साडूभाऊ ओरडले होते: "रेफरीचा साबण करा!" तिकडे पंच चुकला की प्रेक्षक असंच ओरडतात म्हणे.

पुढचं सगळं इंग्रजीत झालं. साडूभाऊंनी छावणी विचारली, मैदान विचारलं, सैन्याचा संघ विचारला. मुलगी विशी-पंचविशीची. तिने प्रामाणिकपणे आठवून बघितलं आणि मान हलवली. असा संघ तिने कधी ऐकलाच नव्हता. छावणीच्या मागे जुन्या गाड्यांचा बाजार भरतो, एवढंच तिला माहीत. "नो क्लब?" साडूभाऊंनी पुन्हा विचारलं. "नो क्लब, सर. सॉरी." मी या माणसाची इतकी वर्षं टर उडवली, पण त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना. गोडं पाणी करणारा एवढा मोठा साहेब, ओल्या बुटांनी शाळेतल्या मुलासारखा उभा होता.

तिलाही ते बघवलं नसावं. "थांबा," ती म्हणाली, "तिकडे वीज असली तर लागेल." आणि तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. लागला. स्वयंपाकघरात कोट घालून बसलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई दिसली. लेकीने तिला प्रश्न सांगितला, आणि त्या बाई ज्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात. मुलगी हसत हसत आईचं बोलणं आम्हाला सांगत गेली. सैन्याचा संघ? माहीत नसायला काय झालं! आमची खिडकी त्या मैदानावरच उघडायची. माझी परीक्षा जवळ आलेली आणि खाली ही गाढवं ओरडतायत. माझे वडील भाजी आणायला म्हणून जायचे आणि तिथे जाऊन बसायचे. दर सामन्याला मी खिडकी धाडकन लावायची.

साडूभाऊंनी फोनपुढे दोन्ही हात जोडले. "मॅडम," ते म्हणाले, "त्यांतलं एक गाढव मीच. सॉरी. व्हेरी सॉरी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा फुलला होता की लग्नातल्या फोटोतही मी तो तसा पाहिलेला नाही. मुलीने हे आईला सांगितलं. आई उठली. फोन हातात घेऊन खोल्यांतून चालत गेली, चित्र हलत राहिलं, आणि एक खिडकी आली. तिने ती उघडली. खाली भुरभुर बर्फ पडत होता. जुन्या गाड्यांच्या रांगा होत्या आणि पलीकडे मैदानाची, प्रेक्षकांच्या पायऱ्यापायऱ्यांची एक पडकी भिंत. साडूभाऊंनी त्या भिंतीवर, म्हणजे फोनच्या काचेवर, बोट ठेवलं.

आई काहीतरी म्हणाली. मुलगी ते सांगेपर्यंत साडूभाऊ थांबलेच नाहीत. रशियनच्या आधाराने त्यांना अर्धंमुर्धं कळलं होतं, त्यांनीच आम्हाला सांगितलं, "म्हणत्यात, आता दुपारी लई शांत असतंय हितं. सायरन वाजला तरच काय तो आवाज. म्हणत्यात, ओरडा एकदा. या बारीला खिडकी लावत न्हाई."

साडूभाऊंनी छाती भरून घेतली. पण आवाज निघेना. पुन्हा प्रयत्न केला, ओठ हलले, तेवढंच. ज्या माणसाला तीस वर्षांत कोणी गप्प बसवू शकलं नव्हतं, तो त्या शहाळ्यांच्या टपरीसमोर नुसता उभा होता, आणि तिकडे ती बाई थंडीत खिडकी धरून वाट बघत होती.

तेव्हा ताईने हातातलं शहाळं माझ्या बायकोकडे दिलं, पदर खोचला आणि फोनपाशी गेली. आमची शांत ताई. तिने त्या परक्या भाषेत, एकही अक्षर न चुकवता, रेफरीचा साबण करा म्हणून अशी बोंब ठोकली की बागेतले कावळे उडाले. इतकी वर्षं ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं होतं. मग ती थांबली, नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा ओरडली, आणि या वेळी साडूभाऊंचा फुटका आवाजही तिच्या आवाजात मिसळला. तिकडे बर्फ पडत होता. खिडकी उघडीच होती.