खरबुजाला ब्रेक नसतो

आमच्या गावाहून कोकंदच्या बाजाराला गाड्या बऱ्याच जायच्या, पण मी नेहमी होशिमजानचीच व्हॅन धरायची. तंदूरमधून नुकत्याच काढलेल्या नानची टोपली घेऊन चढणाऱ्या बाईला बाकीचे ड्रायव्हर नाक मुरडायचे. होशिमजान म्हणायचा, "या झुमरादअपा, तुमच्यामुळे गाडीला वास तरी चांगला येतो."

तो कुणालाच नाही म्हणत नसे. पोट सुटलेलं, टोपी मागे सरकलेली, आणि गाडी भरण्याचा भारी अभिमान. मागची सीट त्याने काढूनच टाकली होती. तिथे बटाट्याची पोती, जर्दाळूच्या पेट्या, कुणाचा स्टोव्ह, कुणाची बकरी असं सगळं छतापर्यंत रचलेलं असायचं. एखादी फळी किंवा गुंडाळलेला गालिचा असला, तर तो आमच्या खांद्यांवरून थेट पुढच्या काचेपर्यंत जायचा आणि आम्ही माना वाकड्या करून बसायचो. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

त्याची सासू ताजीखाला मात्र या गाडीत बसली की रस्ताभर बोलायची. वेग, वळणं, जावयाचं पोट, काही सुटायचं नाही. तिचे सगळे दात सोन्याचे होते आणि जीभ त्या दातांनाही दिपवील अशी. होशिमजान सगळं ऐकून घ्यायचा आणि "बरोबर आहे आई" म्हणून गाडी हाकायचा.

नातवाच्या सुंतेचं जेवण होतं, त्यासाठी खालाने बाजारातून खरबुजं घेतली. लांबट, जाळीदार सालीची, एकेक उचलायला दोन हात लागावेत अशी. होशिमजानने ती मागे डोंगरासारखी रचली. खाला मधल्या सीटवर बसली, मी तिच्या शेजारी.

"जावईबापू, वरची हलतायत बरं का," खाला म्हणाली.

"हलू देत की आई. खरबूजच ते, पळून कुठे जाणार?"

कालव्याच्या वळणावर एक वासरू उधळत रस्त्यात आलं. होशिमजानने करकचून ब्रेक दाबला. वासरू वाचलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पण सगळ्यात वरचं खरबूज काही थांबलं नाही. ते सीटवरून उडालं आणि खालाच्या डोक्यावर मागून येऊन फुटलं. माझ्या मांडीत बियाच बिया. मी खालाकडे पाहिलं तर तिच्या तोंडातून रक्त येत होतं. जीभ दातांखाली सापडली होती.

दवाखान्यात जिभेला टाके पडले. डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरेपर्यंत बोलायचं नाही.

गावाला विषय मिळाला. चायखान्यात होशिमजान शिरला की एकेकजण चहाची वाटी बाजूला ठेवायचा. "होशिमजान, आमच्या सासूला खरबूज पुरायचं नाही रे, कलिंगडच लागेल." "मापाला सासू घेऊन येऊ का?" होशिमजानही त्यांच्यात हसायचा. मोठ्या मजेत होता बिचारा.

जीभ बरी झाल्यावर खालाने त्याला बोलावून घेतलं. त्याची बायको सनोबर मला ओढूनच घेऊन गेली, म्हणाली, "अपा, आज माझ्या नवऱ्याचं काही खरं नाही, तुम्ही चला." आम्हाला वाटलं होतं, साठलेलं सगळं आज बाहेर पडणार. पण खालाने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, "जावईबापू, ते खरबूज होतं म्हणून मी आज तुमच्याशी बोलतेय. त्याच्या आदल्या दिवशी त्याच जागी माझं शिलाईचं मशीन होतं. आणि माझ्या सीटवर तुमची लेक बसली होती."

एवढंच. पुढे तिने साखर हवी का विचारलं. होशिमजानच्या हातातला चहा निवून गेला. मी त्याला असा बसलेला आधी कधी पाहिला नव्हता. उठताना तो फक्त म्हणाला, "आई, खरंच की."

त्यानंतर चायखान्यात त्याच्या सासूवर कुणी विनोद केला तर तो उठून बाहेर जायचा. गाडीच्या मागचं दार उघडून उगाच आत बघत उभा राहायचा. शेवटी एके दिवशी त्याने घरातला लोखंडी पलंग अंगणात काढला आणि त्याची स्प्रिंगांची जाळी पान्याने सोडवू लागला.

"अहो, हे काय चाललंय?" सनोबर धावत आली.

"गाडीत लावतो. सामान आणि माणसं यांच्या मध्ये."

"मग आपण झोपायचं कशावर?"

"आपले आजी-आजोबा कशावर झोपायचे? जमिनीवर. आणि त्यांना मुलं झाली अकरा."

"तो पलंग माझ्या आईने दिलाय लग्नात."

"मग तिच्याच डोक्यासाठी वापरतोय की."

जाळी तारेने बांधून झाली. परीक्षेसाठी त्याने खरबुजं भरली आणि वेल्डर किमसानअकाला शेजारी बसवलं. किमसानअका म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात कमी हसणारा माणूस. कापसाच्या शेताकडेच्या मोकळ्या रस्त्यावर होशिमजानने गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. खरबुजं जाळीवर आपटली, जाळी ताणली, आणि तिने ती सगळी तितक्याच जोराने मागे भिरकावली. मागचं दार खाड्कन उघडलं. खरबुजं रस्त्यावरून घरंगळत शेतात गेली. कापूस वेचणाऱ्या बायकांनी दुपारचं जेवण त्यावरच उरकलं आणि होशिमजानला आशीर्वाद दिले.

किमसानअका खाली उतरला, लोंबणारी जाळी बोटाने ढकलून पाहिली. "गाडीला ब्रेक आहे," तो म्हणाला, "खरबुजाला नाही. त्याला आडवं काहीतरी असं पाहिजे जे हलणार नाही. हा तर झोपाळा लावलास तू."

"मग काय लावू?"

"पलंगाचं डोकं कुठे आहे?"

पलंगाच्या डोक्याकडचा आणि पायांकडचा असे दोन गजांचे कठडे अंगणात पडून होते. किमसानअकाने ते एकावर एक जोडले, चहूबाजूंनी पाइपाची चौकट केली आणि ती गाडीच्या खांबांना आणि तळाला जाड बोल्टांनी आवळली. लहानसहान वस्तू गजांमधून येऊ नयेत म्हणून वर जाड तारेची जाळी टाकली. कठड्याच्या कोपऱ्यांवरचे पितळी गोळे होशिमजानने शोभेसाठी तसेच ठेवायला सांगितले होते. खाला पाहायला आली, मधल्या सीटवर बसली, डोकं मागे टेकवलं आणि म्हणाली, "खरबुजापासून वाचवायचं आणि गोळ्याने मारायचं, असा बेत आहे का?" गोळे त्याच दुपारी कापले गेले.

सामान भरायची रीतही बदलली. जड ते तळाला, कठड्याला चिकटून. हलकं वर. मग सगळ्यावरून ट्रकवाल्यांसारखे पट्टे, तळातल्या कड्यांना अडकवून ताणलेले. फळ्या आणि गालिचे आता छतावर. त्यात वेळ जायचा आणि लोक वैतागायचे. थांब्यावरचा दुसरा ड्रायव्हर बहोदिर मोठ्याने विचारायचा, "काय जेलरसाहेब, आज कैदी किती?" काही गिऱ्हाइकं त्याच्या गाडीकडे गेलीही. होशिमजान हसून घ्यायचा, पण पट्टा एक घर सैल करायचा नाही.

मग सनोबरच्या भावाच्या, एर्किनच्या, मुलीचं लग्न निघालं. नवरीचं सामान सासरी पोचवायचं काम अर्थातच होशिमजानकडे आलं. पत्र्याची भली मोठी पेटी, शिलाईचं मशीन, गाद्या-रजयांच्या चळती, ताटं, चेरीच्या मुरंब्याच्या बरण्या. बाहेर ढोल आणि लांब कर्णे वाजत होते आणि होशिमजान पेटीवरून पट्टा ओढत होता.

"अरे, लग्नाला चाललोय, लढाईला नाही," एर्किन घड्याळ बघत म्हणाला. "वरात निघाली पण."

"निघू दे. नवरी त्यांच्याकडे आहे, पेटी माझ्याकडे."

"बहोदिरला सांगितलं असतं तर आत्तापर्यंत पोचला असता."

होशिमजान मशीन कठड्याच्या तळाशी सरकवत होता. एर्किन तणतणत पुढच्या सीटवर बसला. मागे खाला, सनोबर आणि मी, नटूनथटून.

मोठ्या रस्त्यावर आमच्यापुढे गवताने भरलेला ट्रक होता. पुलाजवळ त्याच्यापुढे कुठूनशी गाढवगाडी आडवी आली. ट्रक थांबला. होशिमजानने ब्रेकवर जवळजवळ उभं राहूनच पाय दिला. टायर किंचाळले. आमच्या पाठीमागे असा दणका बसला की माझे दात वाजले. सगळ्या गाडीला हिसका बसला आणि मग एकदम शांत झालं.

मी मान वळवली. पेटीचा कोपरा बरोबर खालाच्या डोक्यामागे गजांना भिडला होता आणि एक गज किंचित वाकला होता. मशीन जागचं हललं नव्हतं. जाळीतून लाल लाल काहीतरी ठिबकत होतं. सनोबरने डोळे मिटून घेतले. खालाने त्यावर बोट लावलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "मुरंबा. साखर कमी पडलीय, सूनबाईला सांगा."

सनोबर आधी हसली आणि मग रडली. होशिमजानने मागे वळून एकेकीकडे पाहिलं, खात्री केल्यासारखं. खाला म्हणाली, "आहोत, सगळ्या आहोत. पुढे बघा आता."

एर्किन खाली उतरला. मागचं दार उघडून बराच वेळ त्या वाकलेल्या गजाकडे बघत राहिला. मग कोट काढून सीटवर टाकला आणि विचारलं, "दाजी, हा पट्टा कुठून घ्यायचा?" दोघांनी मिळून सामान पुन्हा आवळलं. घाई कुणाला नव्हती.

लग्नघरी आम्ही पोचलो तेव्हा पुलावाची पहिली पंगत उठली होती. एर्किनने स्वतः ताट वाढून आणलं, वर मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवला आणि होशिमजानपुढे मांडला. होशिमजान खाऊन उठला आणि नाचायला गेला. नाच त्याला मुळीच येत नाही, पण त्या दिवशी त्याला कुणी थांबवलं नाही.

पुढच्या बाजारी बहोदिर किमसानअकाच्या दुकानाबाहेर घोटाळताना दिसला. "तसं काही नाही," तो मला म्हणाला, "सायलेन्सर दाखवायला आलोय." किमसानअका आतूनच ओरडला, "माप घेतलंय तुझं, परवा ये." बहोदिरनंतर आणखी दोघे आले. गावातले लोखंडी पलंग भराभर संपले आणि किमसानअकाला नवे गज आणावे लागले.

आता आमच्या थांब्यावरून गाड्या पूर्वीपेक्षा थोड्या उशिराच सुटतात. होशिमजान प्रत्येकाच्या मागच्या दारापाशी जाऊन पट्टे ओढून बघतो, सैल लागला तर ड्रायव्हरला खाली उतरवतो. तरुण पोरं कुरकुरतात. बाया मात्र निवांत असतात. तेवढ्या वेळात माझी चार नान तिथेच खपून जातात.