एकाच्या दोन

दिगूला मी शेवटचं पाहिलं ते काचेपलीकडून. माझा धाकटा भाऊ, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगमास्तर, दिवसभर तोंड चालू. त्या दिवशी त्याने नुसता हात उचलला, आणि तोही अर्धाच... त्याला जाऊन आता सात आठवडे झाले.

आजार विचित्र होता. हाडांच्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात, ते कामच थांबलं होतं. कर्करोगात पेशी वाढायच्या थांबत नाहीत, इथे त्या वाढेनात. कशामुळे, ते कुणालाच सांगता आलं नाही. सख्ख्या भावंडाचा मगज जुळला तर आशा होती. माझा जुळला. मला इतका आनंद झाला, की मी शाळेत पेढे वाटले. आज त्या पेढ्यांची लाज वाटते.

मी मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. शिकवायची खोड कुठे जाणार? दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी कागदावर पेशीविभाजन काढलं. पेशी आधी वाढते, आपल्या गुणसूत्रांची हुबेहूब दुसरी प्रत करते, मग दोन्ही प्रती दोन टोकांना जातात, पेशी मधून आवळत जाते आणि एकाच्या दोन होतात. दोघींना सगळं सारखं. दिगूने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "मानसं अशी वाटनी करतीन ते कोर्टं बंद पडतीन, ताई."

मग मी छातीठोकपणे सांगितलं, की माझ्या पेशी तुझ्या हाडांत गेल्या की एकाच्या दोन, दोनाच्या चार, महिन्याभरात तू घरी. डॉक्टर प्रत्येक वाक्यात 'शक्यता' म्हणत होते. तो शब्द मी गाळला. ताईने सांगितलं म्हणजे खरंच, असं त्याला लहानपणापासून वाटायचं. त्याने आईला गावाहून येऊच दिलं नाही. प्रवासात हाल होतील, मी बरा होऊन नंदुरबारला येतो, म्हणाला.

माझा मगज त्याला चढवला आणि जंतुसंसर्ग नको म्हणून त्याला काचेच्या खोलीत एकटं ठेवलं. रोज चारला त्याच्या रक्तपेशींचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर यायचा, आणि काचेपलीकडून तो फोनवर विचारायचा, आज किती? पहिले दोन आठवडे मी खरं सांगितलं, अजून काही नाही, वेळ लागतो. पुढे मात्र डॉक्टरांचा चेहराच उतरला, आणि मी खोटं बोलायला लागले. वाढताहेत, हळूहळू वाढताहेत... चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी त्याने आकडा विचारलाच नाही.

"तू तुनं दिधं, ताई. आते मायले बलाव."

मी त्याच मिनिटाला आईला फोन लावला. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसली. ती वाटेत, व्याऱ्याच्या पुढे आली असेल, तेव्हा दिगू गेला. चार दिवस आधी खरं बोलले असते तर मायलेकरांची भेट झाली असती. हे मला कुणी बोलून दाखवत नाही, आईसुद्धा नाही.

अजूनही चार वाजले की हात मोबाइलकडे जातो. परवा खरंच रिपोर्ट आला. माझाच होता, मगज देणाऱ्याची नंतर तपासणी करतात, त्याचा. सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, तुम्ही दिलं होतं तेवढं केव्हाच भरून आलंय, गरज पडली तर पुन्हासुद्धा देता येईल.

कुणाला, ते मी विचारलं नाही.