आईला सांगितलं, मळा बघायला जातोय

खोटं बोलायचं सुचवलं नवऱ्याने, पण आईला फोन मी केला. म्हटलं, "नारायणगावकडे द्राक्षाचे मळे बघायला जातोय. येतेस का? दुपारी मासवडी खाऊ." आई लगेच हो म्हणाली. ती पिंपरीत एकटी राहते. महापालिकेच्या दवाखान्यातून आया म्हणून रिटायर झाली. तिला कुठे फिरायला नेतो, असं आम्ही वर्षातून एकदासुद्धा म्हणत नाही.

खरा बेत वेगळाच होता. नवरा चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत आहे. त्याच्या डिपार्टमेंटमधले सगळे नाशिकला वाईनची टूर करून आले होते. ग्लास उन्हात धरलेले त्यांचे फोटो महिनाभर ग्रुपवर येत होते. नाशिक एका दिवसात जमणार नाही, म्हणून याने जवळचं शोधून काढलं. गाईड नको, पॅकेज नको, आपलं आपण फिरायचं. राजगुरुनगरच्या पुढे मिसळ, मग एक वायनरी, मग मासवडी, मग दुसरी वायनरी. फोनवर रंगीत खुणा करून नकाशासुद्धा तयार होता.

"आणि आई?" मी विचारलं.

"त्यांना बागेत सावलीत बसवू. ज्यूस देऊ. आपण पंधरा मिनिटांत बाहेर. कळणारपण नाही त्यांना."

"मग तिला नेतोच कशाला?"

"अगं, तूच म्हणतेस ना, आईला कुठे नेत नाही म्हणून? एकात दोन कामं होतील."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो.

वाईन म्हणजे काय दारू आहे का, हे त्याचं नेहमीचं वाक्य. त्याच्या आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये बाटल्या शोकेसमध्ये असतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. माझ्या लहानपणी आमच्या खोलीत बाटली पाण्याच्या पिंपामागे असायची, आणि ती शोधून काढायचं काम माझं होतं. वडील सेकंड शिफ्ट करून यायचे. उशीर झाला की म्हणायचे, "ओव्हरटाइम होता." आई तोंडाचा वास घ्यायला दारातच अडवायची. "हा करा बघू." ते तोंड फिरवायचे. आठ-नऊ वर्षांची मी आतून ऐकत असायचे, की आज 'हा' येतो की शिवी येते. मी दहावीत असताना ते गेले. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी विहारात जाते. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, नशेच्या त्या शीलाला, तिचा आवाज चढतो.

आणि मी पिते. ऑफिसच्या पार्टीत एक ग्लास, घरी एखाद्या शनिवारी एक. मला आवडते. बेचाळिसाव्या वर्षी हे आईपासून लपवावं लागतं, याची चीड येते. मी लपवते, याची त्याहून जास्त.

त्या दिवशी आई नवी साडी नेसून खाली येऊन उभी होती. मोशी, चाकण ओलांडताना ट्रकच्या रांगा होत्या, तरी तिला कंटाळा आला नाही. मिसळ तिखट आहे म्हणून हसत हसत पाणी प्यायली. वायनरीच्या फाट्यावर वळल्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या रांगा लागल्या, तेव्हा काच खाली करून म्हणाली, "किती निगुतीनं बांधल्यात गं."

आम्ही तिला बागेतल्या बाकावर बसवलं. मी तिच्या हातात ज्यूसचा ग्लास दिला आणि म्हटलं, "आम्ही जरा आतलं मशीन बघून येतो." एकाच सहलीसाठी दुसरं खोटं.

आत एक हसरी मुलगी होती. ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, आधी वास कसा घ्यायचा, ते शिकवत होती. नवरा तिसऱ्या ग्लासावर होता, मी दुसऱ्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाथरूम कुठंय हो?" आई होती.

मुलगी तिला म्हणाली, "या ना आजी, तुम्हीपण टेस्ट करा."

"काय आहे हे?"

"वाईन."

नवरा घाईघाईने म्हणाला, "द्राक्षाचाच रस असतो आई. आंबवलेला. त्याला दारू नाही म्हणत."

आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या समोरचा ग्लास उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला. मग मला विचारलं, "तू प्यायलीस?"

"नाही," मी म्हणाले.

माझे ओठ ओले होते. काउंटरमागची मुलगी खाली बघायला लागली. आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि ती बाहेर चालायला लागली.

"कुठे चालल्या त्या?" नवरा म्हणाला. "थांब, मी गाडी काढतो."

"तू गाडीला हात लावू नकोस," मी ओरडले. आजूबाजूचे लोक वळून बघत होते. "तीन ग्लास झालेत तुझे. माझ्या आईला बसवून चालवणार आहेस?"

"दोन घोटांनी काय होतंय? तमाशा नको करूस."

मी पळत सुटले. आई हायवेच्या दिशेने भरभर चालली होती. मी हाका मारत होते, ती थांबत नव्हती. फाट्यावर पोचले तोवर तिने पुण्याकडे जाणाऱ्या एसटीला हात केला होता. माझी पर्स, फोन सगळं त्या काउंटरवर राहिलं होतं. तशीच मागोमाग चढले. कंडक्टर आला तेव्हा आई म्हणाली, "दोन लेडीज, नाशिक फाटा."

मंचर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच बोलले. "आई, मी बेचाळीस वर्षांची आहे. कमावते. एखादा ग्लास घेतला तर काय आभाळ कोसळलं?"

"मग बेचाळीसची बाई आईशी खोटं का बोलते?"

"तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले. तुम्ही दोघं गेला असता, मी घरी बसले असते. एवढंच ना?" तिचा आवाज चढला. पुढच्या सीटवरची बाई मागे वळली. "मला बागेत बसवलंत. ज्यूस देऊन. लहान पोराला बसवतात तसं. तुझे बाबा ओव्हरटाइम सांगायचे, तू मशीन सांगितलंस."

"मी बाबांसारखी नाहीये!"

नाशिक फाट्याला उतरल्यावर तिने रिक्षा केली, आणि मला 'ये' म्हणाली नाही. मी चिंचवडला घरी चालत आले.

नवरा अंधार पडल्यावर आला. तो ठरल्याप्रमाणे मासवडी खाऊन आला होता. माझी पर्स टेबलावर ठेवत म्हणाला, "आईंनी उगाच दिवस खराब केला." त्या रात्री मी त्याला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं एकही वाक्य मी मागे घेतलेलं नाही.

आईने तीन आठवडे माझा फोन उचलला नाही. चौथ्या रविवारी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती मेथी निवडत होती. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की मी पिते, कधीकधी, आणि पुढेही पिणार आहे.

"बरं," ती म्हणाली. "माझ्या घरी पिऊन येऊ नकोस."

"मी कधी आलेय का?"

"मला काय माहीत? मी तुला कधी 'हा कर' म्हटलं नाही."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "बसमध्ये तू मला बाबांच्या रांगेत बसवलंस."

"बसवलं. राग आला होता."

"मलाही आलाय. अजून आहे."

"असू दे की," आई म्हणाली आणि अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.

मी मेथी निवडली, पण जेवायला थांबले नाही. जिना उतरताना तिने वरून, पुढच्या रविवारी येणार का, असं विचारलं. मी मान वर न करता हो म्हणाले.