टायरच्या दातांतली माती

भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या चाकाकडे मी मघापासून बघतोय. टायरच्या दातांत लाल माती वाळून बसली आहे. माझा मुलगा सुधीर ज्या डोंगरावर मोटरसायकलवरून दरीत पडला, तिथली ती माती. गाडी काठावरच राहिली, तो गेला. तेव्हापासून मी ती गाडी कुणाला धुवू दिली नाही.

आज सुनेनं, शैलानं, मिस्त्री बोलावून गाडीला रस्त्याची चाकं बसवली. लहान, रुंद, गुळगुळीत टायरची. गाडी चांगली चार बोटं खाली आली. सुधीरच्या उंचीला साजेशी होती, आता शैलाचे पाय जमिनीला टेकतात. नव्या टायरवरून हात फिरवला, कुठं अडकला नाही. यात कसली माती राहणार? लोक मला म्हणतात, आबा, सोडा आता. मी दुसरीतून शाळा सोडली, तेवढंच काय ते सोडलं.

शैलानं दोन लिंबं पुढं केली. "आबा, चाकांखाली तुम्हीच ठेवा."

"सुधीरनं गाडी आणली तेव्हाही मीच ठेवली होती. काय उपयोग झाला?"

"मग नका ठेवू. पण वाटेतून तरी सरका, मला कामाला उशीर होतोय."

मी सरकलो नाही. शैला गाडी चालू करून, लिंबं मुठीत धरून तशीच बसून राहिली. मग मीच तिच्या हातातून लिंबं ओढून घेतली आणि चाकांखाली ठेवली, अगदी मधोमध. ती फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, जुन्या टायरमधली माती बोटानं चाचपत.