ढगाखालचा उतार

नकाशे काढणाऱ्या ताईंचा हात इतका स्थिर होता, की कचेरीत म्हणत, भूकंप झाला तरी बाईंची रेघ हलायची नाही. जन्मात त्या एकही डोंगर चढल्या नव्हत्या. विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून दुहेरी भिंगातून पाहिलं, की सपाट कागदातून डोंगर अंगावर येत. मग सारख्या उंचीच्या जागा जोडत ताई रेघा ओढत.

दूरच्या एका जंगलातल्या दरीवर मात्र फोटोत ढग बसला होता. नकाशात रिकामी जागा ताईंना बघवत नसे. दोन्हीकडच्या रेघा त्यांनी अंदाजाने जुळवल्या आणि तिथे सौम्य उतार दाखवला. अंदाजाची रेघ तुटक काढायची हा कचेरीचा रिवाज, तेवढा पाळला.

प्रत्यक्ष मोजणीला गेला तो त्यांचाच धाकटा भाऊ. "ताई, तुझ्या तुटक रेघा जोडून येतो," असं चिडवत निघाला, तो परतलाच नाही. शोधणाऱ्यांनीही शेवटी हात टेकले.

तेव्हापासून कुठल्याही जंगलाचा फोटो पाहताना ताईंना वाटे, झाडांखाली कुणीतरी मान वर करून उभं आहे. एकदा तर भरदुपारी त्यांनी खिडकी लावून घेतली. एकच प्रश्न त्यांना खात होता, उतार तिथे खरंच होता ना?

त्या दरीचे नवे, निरभ्र फोटो आले तेव्हा साहेब म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाला देतो, बाई."

"माझं काम दुसऱ्यानं कशाला निस्तरायचं? द्या इकडे."

ताईंनी भिंगाला डोळे लावले. झाडं उभी राहिली आणि सौम्य उताराच्या जागी जमीनच संपली. सरळ तुटलेला कडा होता. झाडी अगदी टोकापर्यंत दाट, चालणाऱ्याला पुढचं काही दिसलंच नसतं. या वेळी झाडांखाली कुणी उभं नव्हतं.

त्यांनी रेघा काढल्या. कड्यापाशी त्या एकमेकींना चिकटल्या. एकही तुटक नव्हती.

घरी भावजय दारातच होती. नवऱ्याचं कुणी विचारलं, तर ती अजून "कामावर गेलेत" म्हणून सांगे.

"वन्सं, आज उशीर झाला?"

ताई उंबऱ्यावरच बसल्या. "अगं, आता त्याची वाट नको पाहूस," त्या म्हणाल्या. "तिथे कडा आहे. उतार मी काढला होता."