तोडीला गेलेले चार गडी

दत्तादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या स्टँडवर नेकनूरच्या गाडीची वाट बघत होतो. निघालो होतो त्याच्याकडेच, माफी मागायला. महिनाभर टाळलं, आणि निघालो त्याच दिवशी…

दादा माझा चुलतभाऊ. शाळेत पीटीचा मास्तर, पंचवीस वर्षं गावाचा कबड्डी संघ त्यानं सांभाळला. निवृत्तीनंतर मुलीकडून शिकून त्यानं कॉम्प्युटरवर एक गेम बनवला. त्यात आपण चढाई करायची नाही, संघ चालवायचा. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, सराव कधी ठेवायचा. गेम तपासायला अख्ख्या खानदानात त्याला मीच सापडलो. मैदानात मी जन्मात एकदाच उतरलेलो, तेही हरवलेली चप्पल शोधायला.

पहिल्याच आठवड्यात माझ्या सरावाला एकही गडी आला नाही. मी म्हटलं, "दादा, तुझा गेम बिघडलाय."

"नारायणगडाच्या जत्रंला सराव ठेवतो व्हय बे? त्या दिवशी तू सोता कुठं असतो?"

"जत्रेत."

"मग?"

इथवर गंमत होती. पण दिवाळी झाली की सातातले चार गडी ऊसतोडीला जायचे आणि माझा संघ मोडायचा. दर वेळी. चार वेळा मी राजीनामा दिला. एकही हंगाम पुरा केला नाही. शेवटी चिडून म्हटलं, "हा गेम हाय का शिक्षा? तोडीचं काढून टाक, लोकांना मजा येऊ दे."

"ते काढलं तर ही कबड्डी कोन्या गावची रं? माझी पोरं दरसाल अशीच जायची."

"मग बस एकटाच खेळत!"

दादानं लॅपटॉप मिटला. मीही चहा न घेता उठलो… ती आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर वहिनींनी तोच लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. "तुमी गेल्यापासून ह्याच्यातच डोकं घालून बसायचे. बघा तरी."

उघडला. दिवाळी आली, चार गडी गेले. मी राजीनाम्याकडं बोट नेलं, तर पडद्यावर नवीनच ओळ आली : 'पोरांनी कारखान्यावर खोप्यांपुढं मैदान आखलंय. फोनवरून सराव सांगणार का?' मी 'हो' दाबलं. गुढीपाडव्याच्या सुमारास चौघं परतले. गुडघे थकलेले, पण पकड अशी, की समोरचा गडी सुटायचा नाही. तोड दादानं काढली नव्हती. माझं ऐकलंही होतं.

पहिल्यांदाच हंगाम पुरा खेळलो. अंतिम सामना एका गुणानं गेला.

"जिंकलात का?" वहिनींनी आतून विचारलं.

"न्हाई. फायनल एका गुणानं गेली."

"मग बरूबर बनवलाय," त्या म्हणाल्या. "त्यांची बी दरसाल तशीच जायची."

पडद्यावर विचारणा आली होती, नवा हंगाम सुरू करायचा का. मी वहिनींना चहा ठेवायला सांगितला.